दादा शिपवर आहे, आईचं ऑपरेशन आहे, निरोप कसा पोचवू? अर्जंट मदत हवी

माणदेशी_मुलगी:
दादा शिपवर आहे, फोन लागत नाही, व्हॉट्सअॅपला एकच टिक. इकडे आईच्या हार्टचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करायचं म्हणतायत डॉक्टर. बाबा म्हणतात त्याला कळवूच नको, वहिनी म्हणते कळवलंच पाहिजे. मला काहीच सुचत नाहीये. लवकर सांगा प्लीज.

टँकरवाला:
कंपनी कोणती? आता जहाजावर वायफाय असतं, मी रोज घरी व्हिडिओ कॉल करायचो. कंपनीच्या क्रू ऑफिसला मेल टाका, लगेच उत्तर येतं.

माणदेशी_मुलगी:
कंपनी नाही हो, इंडियन नेव्ही. सेलर आहे. मुंबईहून एडनकडे गेलेत, चाच्यांविरुद्धच्या गस्तीच्या ड्युटीला. शिपचं नाव देऊ का?

माजी_नाविक:
नको ताई, नाव नको, बंदर आणि परतायची तारीखही इथे टाकू नका. एक टिक बघून घाबरू नका. भर समुद्रात मोबाईलला रेंज नसते आणि २०१९च्या शेवटी तर जहाजावर स्मार्टफोनच बंद केले. एडनच्या आखातात आपली जहाजं २००८ पासून आहेत, मीही ती ड्युटी केलीय. व्यापारी जहाजांना ४९० सागरी मैलांच्या पट्ट्यातून सोबत करायची, पोचवली की दुसरी घेऊन उलटं फिरायचं. चार तास वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी, मग मेंटेनन्स, ड्रिल, झोप मिळेल तेव्हा. ओमानमधल्या सलाला नाहीतर जिबुती बंदराला डिझेल-भाजीपाला घ्यायला लागलो की मग घरी फोन. पण निरोप सिग्नलने, म्हणजे नेव्हीच्या रेडिओ संदेशाने, मधेही जातो. वहिनींकडे युनिटचा मुंबईतला नंबर असेल, तिथे दादाचं नाव, रँक, पर्सनल नंबर आणि डॉक्टरांचं पत्र द्या.

आलेपाक:
बोट लागत असेल तर आल्याचा तुकडा दाढेत धरायला सांगा, आणि रिकाम्या पोटी राहू नको म्हणावं. पावसाळ्यात अरबी समुद्र फार वाईट.

माणदेशी_मुलगी:
काकू, बोट लागण्याचं नाही विचारलं मी.

विवेक_ठाणे:
मला तुमच्या बाबांचं पटतं. २०२४च्या मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने चाच्यांनी पळवलेल्या रुएन जहाजावरचे ३५ चाचे धरले, ४० तास चाललं होतं ते. अशा वेळी डोक्यात आईचं ऑपरेशन असेल तर माणूस काम काय करणार?

नाविकाची_बायको:
तुमच्या घरचं कोणी गेलंय का हो समुद्रावर? आमचे सासरे गेले तेव्हा सासरच्यांनी ह्यांच्यापासून लपवलं, बंदरात लागल्यावर दुसऱ्याच कोणाकडून कळलं. घरच्यांनी सांगितलं नाही हे ह्यांच्या मनातून अजून जात नाही. ताई, कळवा, आणि पूर्ण कळवा. नुसतं "आई आजारी आहे" असं पाठवाल तर तो वॉचवर उभा राहून नको नको ते मनात आणेल. कुठलं ऑपरेशन, कोणत्या दिवशी, जवळ कोण आहे, सगळं लिहा.

माजी_नाविक:
+१. अर्धा निरोप सगळ्यात वाईट. परत पाठवायचं का ते कॅप्टन आणि वरचे ठरवतात. आमच्यातल्या एकाला सलालाहून विमानाने पाठवलं होतं, पण तसं होईलच असं धरून चालू नका.

भावी_अग्निवीर:
सर नेव्हीत बारावीला मॅथ्स लागतं का?

माजी_नाविक:
एसएसआरला, म्हणजे बारावीवरच्या सेलर भरतीला, मॅथ्स-फिजिक्स लागतं. बाळा, वेगळा धागा काढ.

माणदेशी_मुलगी:
वहिनीकडे नंबर आहे पण ती माहेरी आहे, तिचाही फोन लागत नाहीये.

माजी_नाविक:
मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, साताऱ्याला आहे. सर्व्हिसमधल्यांच्या घरच्यांनाही मदत करतात.

माणदेशी_मुलगी:
बरं. शनिवारी चालू असतं का ते?