पहिल्या ऑर्डरवर १५ टक्के सूट? आंबेवाल्यांनो, जरा थांबा

हातखंबेकर: काल इथे एका मार्केटिंगवाल्या सदस्याने सल्ला दिला, 'साइटवर कोणी आला की १५ टक्क्यांचं कुपन द्या, बदल्यात नंबर घ्या, गिऱ्हाईक पक्कं.' खाली सगळे 'मस्त, मस्त' करत सुटले, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी दोन हंगाम हे करून बसलोय. मजुरी, खोका, गवत, गाडीभाडं जाऊन पेटीमागे माझ्या हातात जेमतेम ते १५ टक्केच उरतं. कुपनवर आलेला माणूस दुसऱ्या वर्षी आधी विचारतो, 'यंदा कुपन कधी?' नाही म्हटलं की चालला दुसऱ्याकडे.

मग कुपन बंद केलं आणि साइटवर चार पानांचं टिपण फुकट ठेवलं: कच्ची पेटी घरी आली की अढी कशी घालायची. खाली गवत पसरा, आंबे एकमेकांवर दाबून रचू नका, रोज हात फिरवून मऊ लागलेलं फळ आधी बाहेर काढा, पिकेपर्यंत फ्रीज नाही. फोनवर लोक हेच घाबरून विचारायचे, 'दादा, आंबे हिरवेगार आलेत, पिकणार ना?' ती धास्ती गेली की डझन मागणारा पेटी घेतो. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांना प्रवासाचं गाइड फुकट वाटलं. गाडी फिरली की टायर झिजणारच. फुकट द्यायचं तर असं द्या, ज्याने आपल्याच मालाची गरज वाढेल.

गोडा_मसाला_डोंबिवली: तुमचं आंब्याचं ठीक आहे, पण सगळ्यांना एका मापात घालू नका. मीही 'गोड्या मसाल्याच्या दहा आमट्या' असं टिपण ठेवलं होतं. लोकांनी डाउनलोड केलं आणि मसाला कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. कागद वाचून आमटीला वास येत नाही. आता २० ग्रॅमची पुडी पाठवते, दोन वेळच्या आमटीपुरती. पोस्टेज गिऱ्हाइकाकडून घेते, म्हणजे नुसते फुकटे गळतात.

आकडेमोड: पोस्टेज घेतलंत की ते फुकट कुठे राहिलं? माणसं खरेदीचे निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे डॅन एरिअली आणि सहकाऱ्यांचा २००७ सालचा प्रयोग बघा. भारी चॉकलेट १५ सेंट आणि साधं १ सेंट, तेव्हा घेणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांनी भारी घेतलं. दोन्ही एकेक सेंटने उतरवली, साधं फुकट झालं, तर ६९ टक्के साध्याकडे वळले. शून्याची ओढ वेगळीच असते.

गोडा_मसाला_डोंबिवली: त्यातले किती जण पुढच्या आठवड्यात पैसे देऊन घ्यायला आले, हे त्यात आहे का? मला शून्याला धावणारे नकोत. पहिल्या वर्षी पोस्टेजही मीच भरलं होतं. एकाच सोसायटीतून नऊ पुड्या मागवल्या गेल्या, ऑर्डर एकही नाही. रात्री दोनपर्यंत जागून खोबरं भाजणारी मी आहे.

आकडेमोड: परत येण्याचं त्यात नाही, हे मान्य. पण नऊ पुड्यांवरून नियम काढू नका.

बेळगावचा_बाळू: हातखंबेकर, टिपण वाचलं. चौथ्या पानावर 'कर्नाटकी भेसळ कशी ओळखावी' असं का? धारवाडकडे माझ्या सासऱ्यांची बाग आहे. कलमं कोकणातूनच नेलेली. त्यांच्या घामाला भेसळ म्हणता?

हातखंबेकर: २०१८ साली हापूसला जीआय, म्हणजे माल कुठल्या भागाचा ते सांगणारं भौगोलिक मानांकन, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्यांनाच. वाशीच्या घाऊक बाजारात आमच्या तालुक्याचं नाव छापलेल्या खोक्यात तिकडचा आंबा मी डोळ्यांनी पाहिलाय. त्या दिवशी वडील एक शब्द बोलले नाहीत, परतीच्या गाडीत जेवलेही नाहीत. तुमचा आंबा तुमच्या नावाने विका, मी अवाक्षर काढणार नाही.

बेळगावचा_बाळू: खोका बदलतो व्यापारी! सासरे आजवर वाशीला गेलेले नाहीत. शिवी मात्र त्यांना. आणि बेळगावात राहून मराठी बोलणारा मी तुमच्या हिशेबात कर्नाटकीच, नाही का?

मुलुंडची_माहेरवाशीण: भांडण आवरा, गिऱ्हाइकाचंही ऐका. टिपण वाचूनच मी पेटी मागवली. चार फळांत साका (आतून पांढरट, न पिकलेला गर) निघाला, फोटो पाठवला, दादांनी बदलून दिली. माझा राग वेगळा आहे. दुसऱ्या एका साइटवर 'फुकट रेसिपी'साठी नंबर दिला, त्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता मेसेज. तीनदा 'बंद करा' लिहिलं. आईच्या आजारपणात फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं आणि बघावं तर लोणच्याची ऑफर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती लागते, ती मागे घेता येते. वाचा जरा. दादा, टिपणासाठी तुम्हीही नंबर मागता!

हातखंबेकर: मागतो. हंगाम सुरू झाला की एक मेसेज, बस. तरी तुमचं पटलं, नंबराचा रकाना काढतो, हवा त्याने द्यावा. बाळूशेठ, 'कर्नाटकी' शब्द काढतो. जीआयचा परिच्छेद मात्र राहणार.

बेळगावचा_बाळू: परिच्छेद राहू दे, तो खरा आहे. पण 'भेसळ' हा शब्द आज रात्रीच काढा.