हिंजवडीत सेकंड शिफ्ट, राहायला वाकड, बाणेर की कोथरूड? सेफ एरिया सांगा प्लीज

वऱ्हाडी_मिरची

नमस्कार मंडळी. मी यवतमाळची, पुढच्या महिन्यात हिंजवडी फेज २ ला जॉइन होतेय. शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. सोबत कॉलेजची मैत्रीण आहे पण तिची जनरल शिफ्ट, म्हणजे रात्री मी एकटीच येणार. दोघींत मिळून वन बीएचके किंवा जमला तर टू बीएचके बघतोय, माझ्या वाट्याला अकरा हजाराच्या वर जायला नको. आईची मावसबहीण कोथरूडला राहते, तिचं म्हणणं की कोथरूड सोडून दुसरीकडे मुलींनी राहूच नये. बाबा रोज कोयता गँगच्या बातम्या फॉरवर्ड करतात. आणि ब्रोकरला विचारलं तर वाकड एकदम सेफ, पुनावळे एकदम सेफ, मारुंजी तर फारच सेफ, त्याच्या लिस्टमधे असलेलं सगळंच सेफ! तिथे राहिलेल्यांनी खरं काय ते सांगा ना, स्पेशली मुलींनी.

पौडरोडकर

तुमची मावशी चुकीचं सांगत नाहीये. कोथरूड, मयूर कॉलनी, डहाणूकर, कर्वेनगर या भागात मुलींना राहायची सवय आहे असं म्हणण्यापेक्षा त्या भागालाच मुलींची सवय आहे. कर्वेनगरात महर्षी कर्व्यांची संस्था, कमिन्स कॉलेज, मुलींची हॉस्टेलं, मेस, पोळीभाजी केंद्रं, त्यामुळे एकटी मुलगी रात्री दहाला डबा घेऊन चालली तरी कोणी मान वळवून बघत नाही. आमच्या गल्लीत सगळ्या आज्यांना सगळ्यांच्या यायच्या वेळा पाठ आहेत (हा फायदा आहे की तोटा ते तुम्ही ठरवा). वनाझहून मेट्रोही आहे, रामवाडीपर्यंत जाते, पण तुम्हाला तिचा काही उपयोग नाही, हिंजवडी उलट्या दिशेला. एकच सल्ला, सिंहगड रोडला स्वस्त मिळतंय म्हणून नदीकाठी जाऊ नका. जुलै २०२४ मधे खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत लोकांच्या तळमजल्यात आणि पार्किंगमधे पाणी शिरलं होतं, सेफ म्हणजे फक्त चोर-दरोडेखोर नाही.

निशाचर

ताई, एरिया नंतर बघ. आधी एचआरला दोन गोष्टी मेलवर विचार: ड्रॉप कॅब आहे का, आणि असेल तर तिची हद्द कुठपर्यंत आहे. मी चार वर्षं नाईट आणि सेकंड शिफ्ट केलीये आणि सगळं घर शोधणं या एका उत्तरावर अवलंबून असतं हे कोणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय कंपनीने करायची असते. दारापर्यंत! पण बऱ्याच ठिकाणी ट्रान्सपोर्टवाले स्वतःचा किलोमीटरचा नियम काढतात आणि त्याच्या बाहेर राहणाऱ्यांना म्हणतात अमुक चौकात सोडू, तिथून तुमचं तुम्ही बघा. कोथरूड या हद्दीत नसेल तर मावशींच्या गल्लीतल्या सगळ्या आज्या मिळून रात्री पावणेबाराला चांदणी चौकात तुझ्यासाठी उभ्या राहणार नाहीयेत.

दुसरं, कॅब गल्लीत वळते का ते बघ. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी लावलेल्या गाड्या, ड्रायव्हर म्हणतो मॅडम इथंच उतरा, रिव्हर्स यायला जागा नाही, आणि मग ते शेवटचे तीनशे मीटर तुझे तुला चालायचे. माझ्या मते सेफ एरिया म्हणजे एवढंच, हे तीनशे मीटर रात्री बारा वाजता कसे आहेत. नाव वाकड असो की बाणेर. फ्लॅट दिवसा बघितलास तरी टोकन द्यायच्या आधी मैत्रिणीला घेऊन साडेअकराला परत जा, दिवे लागतात का, मेडिकल कधी बंद होतं, वॉचमन जागा असतो का खुर्चीत झोपलेला असतो, आणि कोपऱ्यावर परमिट रूम असेल तर ती बंद व्हायच्या वेळेला बाहेर काय चित्र असतं. दुपारी चारला हे काहीच दिसत नाही.

कसपटे_वस्ती

वाकडमधे सहा वर्षं आहे म्हणून बोलतो. वाकड म्हणजे एक एरिया नाहीच मुळात. दत्त मंदिर रोड, कसपटे वस्ती इकडे रात्री अकराला पण दुकानं, आईस्क्रीमवाले, जेवून फिरणारी कुटुंबं, आयटीवालेच आयटीवाले, तिथे मला माझ्या बहिणीची काळजी वाटत नाही. पण हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून ज्या नवीन बिल्डिंगी आहेत तिकडे मेन रोड सोडला की अंधार. ताथवडे, पुनावळे, मारुंजी या बाजूला टॉवर उभे राहिले पण कितीतरी ठिकाणी रस्ता अजून अर्धाच, एका बाजूला रिकामे प्लॉट आणि लेबर कॅम्प, मुलींनी तिकडे नकोच. आणि भूमकर चौकात ट्रॅफिक कसं असतं ते जाऊन बघा, पण तुम्ही दोनची शिफ्ट म्हणजे उलट्या वेळेला जाणार, तेवढं तरी सुटलात.

बाबांना एक सांगा, वाकड-हिंजवडी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे, बाणेर-बालेवाडी पुणे शहर पोलिसांकडे. पेपरात "पुण्यात" म्हणून येतं ते कुठलं आहे ते आतली बातमी वाचल्याशिवाय कळत नाही. तीस किलोमीटर लांबच्या भांडणासाठी तुम्ही घर बदलू नका.

निशाचर

@कसपटे_वस्ती बाकी सगळं पटलं पण लेबर कॅम्पचं नाही. कॅम्पमधे बायका-पोरं असतात, चूल पेटलेली असते, माणसं जागी असतात. मला भीती वाटायची ती पत्रे ठोकलेल्या रिकाम्या रस्त्याची, जिथे एक खिडकी तुमच्याकडे बघत नाही. आणि मला ज्याने त्रास दिला तो बायोमेट्रिक गेट असलेल्या सोसायटीतला शिकलेला शेजारी होता, गेटवरच्या अॅपने त्याचं काय होणार होतं? कमिटीकडे गेले तर म्हणे बॅचलर्सना ठेवलं की असंच होतं.

कसपटे_वस्ती

हो, मान्य. अंधार हा मुद्दा, कॅम्प नाही. सोसायटीचं म्हणाल तर खरंच आहे, म्हणून फ्लॅट फायनल करायच्या आधी तिथे भाड्याने राहणाऱ्या एखाद्या मुलीशी लिफ्टजवळ पाच मिनिटं बोला. दहानंतर गेटवर नाव लिहून घेतात का, भाऊ आला तरी मालकाला फोन लावतात का. काही ठिकाणी सेकंड शिफ्टवाल्या मुलीला रोजच रात्री वॉचमनला उत्तरं द्यावी लागतात, ती पण कटकटच.

अकरा_महिने

सगळे एरियावर बोलतायत, मी कागदावर बोलतो. मालक म्हणेल नोटरी करून टाकू, रजिस्टर कशाला, खर्च वाढतो. ऐकू नका. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर करणं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. रजिस्टर केलं नाही आणि पुढे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. हे त्यांना शांतपणे सांगितलं की बरेच जण लगेच तयार होतात :) आजकाल एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो, सब-रजिस्ट्रारकडे जावंसुद्धा लागत नाही. पोलीस व्हेरिफिकेशन पण करूनच घ्या, म्हणजे तुम्ही तिथे राहता याची पोलीस स्टेशनला नोंद राहते.

आणि करारात एक ओळ घालून घ्या की मालक आधी कळवल्याशिवाय फ्लॅटमधे येणार नाही. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असतेच. राहायला गेल्या दिवशी मेन डोअरचं लॅच बदला, काही शे रुपयांचं काम आहे, आणि सेफ्टी डोअर नसलेला फ्लॅट घेऊच नका.

वऱ्हाडी_मिरची

बापरे, एवढे रिप्लाय! थँक्यू सगळ्यांना. एचआरचं उत्तर आलं, ड्रॉप आहे पण वाकड, बाणेर, बालेवाडी, पिंपळे सौदागर, औंध इथपर्यंतच. म्हणजे कोथरूड बाद, मावशीला कसं सांगायचं ते आई बघेल. बालेवाडीत हाय स्ट्रीटच्या मागे एक वन बीएचके बजेटमधे मिळतोय, तिथलं कोणी आहे का?

बालेवाडीकर_काकू

अगं मी तिथेच मागच्या बाजूला राहते. हाय स्ट्रीटला रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, दिवे आहेत, ते बरं. पण शुक्रवार-शनिवारी पिऊन गाड्या चालवणारे, हॉर्न, गेटसमोर पार्किंगची भांडणं, ते रात्री बारा-एकपर्यंत चालतं आणि तू नेमकी त्याच वेळेला येणार. माझी मुलगी कॅब गेटच्या आत घेऊनच उतरते, आमचा वॉचमन त्यासाठी गेट उघडतो, तुझा उघडेल का ते विचारून घे. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर असतो आम्ही, मेंटेनन्समधे टँकर धरलाय की वेगळा ते पण विचार, नाहीतर अकरा हजाराचे साडेबारा हजार कधी झाले कळणार नाही.

फ्लॅट वेबसाईटवर बघितलास की स्वतः जाऊन? कारण "मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, चावी कुरियरने पाठवतो, आधी क्यूआर स्कॅन करून टोकन द्या" असं कोणी म्हणत असेल तर सरळ ब्लॉक कर. आमच्याच बिल्डिंगचे फोटो लावून एकाने असं करून बघितलंय. शनिवारी येत असशील तर मेसेज कर, संध्याकाळी मी मोकळी असते, तुझ्याबरोबर येऊन बघते.