क्यूबा: अमेरिकेनं ढकललं, की कॅस्ट्रोला तेच हवं होतं?

गोदातीर

परवा घरी जेवताना भाचा म्हणाला, "साम्यवादानं देशाचं वाटोळं कसं होतं ते बघायचं तर क्यूबा बघ." मला ते अर्धसत्य वाटतं. तारखा एकापुढे एक मांडून बघा.

१ जानेवारी १९५९ ला क्यूबाचा हुकूमशहा बाटिस्टा पळाला आणि क्रांतीचा नेता फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आला. एप्रिलमध्ये कॅस्ट्रो स्वतः अमेरिकेला गेला. अध्यक्ष आयसेनहॉवर भेटले नाहीत, उपाध्यक्ष निक्सनवर भागवलं. मे महिन्यात जमीन सुधारणेचा कायदा आला. मोठ्या जमिनी घेतल्या, पण फुकट नाही. मालकांनी कर वाचवण्यासाठी कागदावर जी किंमत दाखवली होती, तीच धरून २० वर्षांचे रोखे देऊ केले. अमेरिकन साखर कंपन्यांना ते झोंबलं. जून १९६० मध्ये टेक्साको, एसो आणि शेल यांनी रशियन तेल शुद्ध करायला नकार दिला. क्यूबानं त्यांचे कारखाने ताब्यात घेतले. जुलैमध्ये अमेरिकेनं साखरेच्या कोट्यातली, म्हणजे दरवर्षी ठरवून घ्यायच्या साखरेतली, उरलेली ७ लाख टन खरेदी रद्द केली. ज्या देशाचा सगळा संसार साखरेवर, त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक एका सहीनं गेलं. मग त्यानं जायचं कुठे?

आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. क्रांती 'समाजवादी' आहे हे कॅस्ट्रोनं जाहीर केलं १६ एप्रिल १९६१ ला, आदल्या दिवशीच्या विमानहल्ल्यात मेलेल्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी. दुसऱ्या दिवशी सीआयएनं तयार केलेले सुमारे १४०० क्यूबन निर्वासित स्वारीसाठी क्यूबाच्या 'बे ऑफ पिग्ज' किनाऱ्यावर उतरले. म्हणजे तो शब्द उघडपणे आला तो बॉम्ब पडल्यावर.

दक्षिणवारा

तारखा मांडायच्या तर सगळ्या मांडा. तुम्ही मे १९५९ वरून थेट जून १९६० वर गेलात. मधल्या वर्षात काय झालं?

ऑक्टोबर १९५९. उबेर मातोस, कॅस्ट्रोच्या बरोबरीनं डोंगरात लढलेला सेनानी. सरकारात कम्युनिस्टांचं वजन वाढतंय, मला यात राहायचं नाही, असं पत्र लिहून त्यानं राजीनामा दिला. बंड नाही, गोळीबार नाही. त्याला २० वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यानं पूर्ण भोगली. तोवर अमेरिकेनं साखरेच्या एका पोत्यालाही हात लावला नव्हता. फेब्रुवारी १९६० मध्ये रशियाचे उपपंतप्रधान मिकोयान हवानाला येऊन ५ वर्षं दरवर्षी १० लाख टन साखर घेण्याचा करार करून गेले. तोही कोटा रद्द होण्याच्या पाच महिने आधी. उलट मार्च १९५८ मध्ये बाटिस्टाची शस्त्रं अमेरिकेनंच थांबवली होती.

शेजारी दांडगा होता, मान्य. पण आतली दारं कॅस्ट्रोनं स्वतःच्या हातानं बंद केली. मार्च १९६८ मध्ये सुमारे ५५ हजार छोटे धंदे सरकारजमा झाले. त्यात खाण्याच्या गाड्या होत्या, न्हावी होते, चपला शिवणारे होते. त्या न्हाव्याची खुर्ची काढून घ्यायला वॉशिंग्टननं सांगितलं होतं का?

खोडवा

मी ऊसपट्ट्यातला, म्हणून साखरेबद्दलच बोलतो.

१९७० मध्ये कॅस्ट्रोनं १ कोटी टन साखरेचं लक्ष्य ठेवलं. हंगामासाठी नाताळची सुट्टीसुद्धा रद्द केली आणि ती पुढे जवळपास तीस वर्षं परत आली नाही. कचेरीतले कारकून, विद्यार्थी, सैनिक, सगळे कोयता घेऊन फडात. ज्यानं एकदा तरी ऊस तोडलाय त्याला विचारा, हे सवय नसलेल्या माणसाचं काम आहे का? बुडखा जमिनीलगत तुटला नाही तर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक, नीट फुटत नाही. तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला की वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. साखर निघाली ८५ लाख टन. तो विक्रमच होता, पण त्यापायी बाकीचे धंदे बसले.

रशिया होता तोवर बाजारापेक्षा चढा भाव मिळायचा, डिझेल आणि खत यायचं. १९९१ ला ते संपलं. २००२ मध्ये १५६ पैकी जवळपास निम्मे कारखाने बंद केले. २०२३ ला उत्पादन ४ लाख टनांच्याही खाली होतं. वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे १९५० मध्ये प्रवरानगरला शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून कारखाना उभा केला. सहकारात पुढे काय काय शिरलं ते आम्ही भोगतोय, पण कारखाना कुणाचा, या प्रश्नाला शेतकऱ्याकडे उत्तर होतं. क्यूबाच्या ऊसकामगाराला आधी कंपनी मालक मिळाली, मग सरकार.

गोदातीर

दक्षिणवारा, १९६८ चा मुद्दा मी मान्य करतो. मातोसचाही. ते अन्यायच होते, त्यांना अमेरिकेची ढाल नको.

पण ६ एप्रिल १९६० चं एक टिपण आहे, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या लेस्टर मॅलरी या अधिकाऱ्याचं. आता ते उघड झालंय. बहुसंख्य क्यूबन कॅस्ट्रोच्या बाजूनं आहेत, तेव्हा पैसा आणि माल तोडून भूक आणि हताशा निर्माण करावी, म्हणजे सरकार पडेल, असा त्याचा आशय. लोक सरकारच्या बाजूनं आहेत म्हणून लोकांना उपाशी ठेवायचं! आणि ज्या वर्षी हे बेट लाखभर तरुण पोरापोरींना कंदील देऊन खेड्यापाड्यांत लिहायला-वाचायला शिकवायला पाठवत होतं, त्याच १९६१ मध्ये त्यावर स्वारी झाली. याचा मला आजही संताप येतो.

क्यूबाच्या जमिनीवरचा अमेरिकेचा ग्वांटानामोचा नौदल तळ १९०३ पासून. वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर. क्यूबानं १९५९ चा एक धनादेश वटवला, नंतरचे वटवलेच नाहीत. ज्याला जमीन परत हवीय त्याच्या हातात दरवर्षी धनादेश ठेवणं, याला शेजारधर्म म्हणत नाहीत.

दक्षिणवारा

पण २००१ पासून अमेरिकाच क्यूबाला अन्न विकते. हवानातल्या माणसाच्या ताटातली कोंबडी बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेली असते. मग भुकेचं सगळं खापर अमेरिकेच्या व्यापारी निर्बंधांवर कसं फोडता?

गोदातीर

रोख पैसे आधी मोजून, उधारी नाही. क्यूबात माल उतरवलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकन बंदरात जायला बंदी, हा १९९२ चा कायदा. छोट्या देशाला वाहतूक केवढ्याला पडत असेल? २०२४ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांत १८७ देशांनी निर्बंधांविरुद्ध मत दिलं, भारतही त्यात. बाजूनं फक्त अमेरिका आणि इस्राएल.

टँपाकर

फ्लोरिडात राहते, म्हणून लिहिते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई १९९४ मध्ये वडिलांबरोबर तराफ्यावरून निघाली. समुद्रात अमेरिकन तटरक्षकांनी उचलून त्यांना ग्वांटानामोच्या छावणीत ठेवलं. ज्या तळाबद्दल तुम्ही भांडताय, तिथे तिनं तंबूत दिवस काढलेत.

तिच्यासमोर कॅस्ट्रोचं कौतुक केलं तर ती उठून जाते. ११ जुलै २०२१ ला क्यूबात लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर आले, त्यानंतर तिच्या ओळखीतला एक मुलगा तुरुंगात गेला. पण निर्बंध आणखी आवळा म्हणणाऱ्यांवरही ती तितकीच चिडते, कारण तिची मावशी अजून तिकडेच आहे. वर्षातून एकदा ती बॅग भरते. मी मदतीला गेले होते. अँटिबायोटिक, साबण, दुधाची पावडर, प्रेशर कुकरची रबरी रिंग. वजनकाट्यावर बॅग ठेवायची, वजन जास्त भरलं की काहीतरी बाहेर काढायचं. औषध काढायचं की साबण, यावर ती बराच वेळ बसून राहिली.

२०२४ च्या ऑक्टोबरात अख्ख्या बेटाची वीज गेली, तेव्हा चार दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा मावशी म्हणाली, आता वीज रात्री दोनला येते. सगळी गल्ली तेव्हाच उठते, भात टाकते, पाणी भरते आणि परत झोपते.