करसुधारणेला आंतरराष्ट्रीय मदत मिळते, पण गरीब घराला काय मिळालं हे कुठे मोजतात?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कर आणि सरकारी खर्च यांच्या सुधारणांना जी आंतरराष्ट्रीय भागीदारीतून मदत होते, त्यावर प्रबंध लिहितेय. वाचन बरंच झालंय. 2015 मध्ये आदिस अबाबाच्या परिषदेत आदिस टॅक्स इनिशिएटिव्ह सुरू झालं आणि देणगीदार देशांनी या कामाची मदत 2020 पर्यंत दुप्पट करायचं कबूल केलं. 2016 मध्ये नाणेनिधी, जागतिक बँक, ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) आणि संयुक्त राष्ट्रं यांनी करांसाठी एक सामाईक मंच काढला. 'सर्वसमावेशक वाढ' हा शब्द पानोपानी आहे. पण यश मोजायची वेळ आली की करवसुली जीडीपीच्या किती टक्के झाली, एवढाच आकडा समोर येतो.

माझे सर म्हणतात, वसुली वाढली की खर्च वाढतोच, गरिबांपर्यंत तो पोचतोच, वेगळं काय मोजायचं? मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. या कामात प्रत्यक्ष असलेलं इथे कुणी आहे का?

खतावणी

मी होते. लेखापरीक्षणातली माणूस, तीन वर्षं अशाच एका कार्यक्रमात काढली. देशाचं नाव सांगत नाही, तिथले सहकारी अजून नोकरीत आहेत.

तुमच्या सरांच्या वाक्यातला 'पोचतोच' हा शब्द धरून ठेवा. आमच्या इमारतीत करखातं वरच्या मजल्यावर होतं. नवे संगणक, रोजच्या वसुलीचा फलक, दर महिन्याला देणगीदारांची भेट. खाली कोषागार. तिथल्या एका कारकुनाने मला निधीवाटपाची नोंदवही दाखवली. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पानावर मंजूर रक्कम शाईने लिहिलेली, प्रत्यक्ष सोडलेली रक्कम पेन्सिलने. पेन्सिल का, तर आकडा शेवटपर्यंत बदलत राहायचा. पहिले कितीतरी महिने तो रकाना कोराच होता. मोठा हप्ता आला तो वर्षाच्या अकराव्या महिन्यात. महिन्याभरात औषधखरेदीची निविदा निघणार कधी आणि माल येणार कधी? पैसा न वापरता परत गेला. त्याच वर्षी वरच्या मजल्यावर वसुलीचं उद्दिष्ट ओलांडलं म्हणून सत्कार झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, फक्त त्या एका कागदावर कुणी आणल्या नव्हत्या. आमच्याही दोन तुकड्या होत्या, एक कराची, एक खर्चाची. अहवाल वेगळे, पैसे देणारे वेगळे.

आपल्याकडे 'जमाखर्च' हा एकच शब्द आहे. तो फोडला की काय होतं, ते मी तिथे पाहिलं.

आता सरांना दाखवण्यासारखा पुरावा. अर्थतज्ज्ञ नोरा लस्टिग यांच्या 'कमिटमेंट टू इक्विटी' या संशोधनात, एखादं घर किती कर भरतं आणि त्याला रोख मदत नि अनुदानं किती मिळतात, हे एकत्र मांडतात. इथिओपिया आणि टांझानियात असं दिसलं की या सगळ्या देवाणघेवाणीनंतर विषमता थोडी घटली, पण अतिगरिबांची संख्या वाढली. पटकन पटत नाही, पण होतं असं. श्रीमंतांकडून जास्त घेतलं म्हणून विषमता घटते. गरीब मात्र वस्तूंवरच्या करातून जेवढं भरतो तेवढं रोखीने त्याच्या हाती परत येत नाही. यात शाळा-दवाखान्यांचं मोल धरलेलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहा. आणि म्हणूनच ती पेन्सिलची नोंद महत्त्वाची. शाळा-दवाखान्यापर्यंत पैसा पोचलाच नाही, तर भरपाई कशाची धरायची?

उंबरठा

खतावणीताई, थोडं वेगळं मत मांडतो. वसुलीच्या मदतीला इतकं कमी लेखू नका. 'टॅक्स इन्स्पेक्टर्स विदाउट बॉर्डर्स' बघा, 2015 पासून ओईसीडी आणि यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) मिळून चालवतात. अनुभवी तपासनीस येतो, स्थानिक अधिकाऱ्याच्या शेजारी बसतो आणि बहुराष्ट्रीय कंपनीचं चालू प्रकरण दोघं मिळून तपासतात. भारताने 2021 मध्ये भूतानला अशी मदत सुरू केली, ट्रान्सफर प्रायसिंगसाठी, म्हणजे एकाच समूहातल्या कंपन्या आपसातल्या व्यवहारांना लावतात त्या किमती तपासण्यासाठी. हा कर गरिबाच्या खिशातून जात नाही.

केनियात 2024 मध्ये काय झालं तेही आठवा. पावावर 16 टक्के व्हॅट लावायचा प्रस्ताव, तो मागे घेतला तरी लोक रस्त्यावर आले, संसदेवर गेले, माणसं मेली आणि अख्खं वित्त विधेयक सोडून द्यावं लागलं. कंपन्यांकडून नीट वसूल करता आलं, तर पावाकडे बघायची वेळ कमी येईल.

खतावणी

उंबरठा, कर कुणाकडून घ्यायचा यावर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तसं शेजारी बसून शिकवणं मी जवळून पाहिलंय, दहा कार्यशाळांपेक्षा ते मोलाचं. पण केनियातल्या पोरांचा राग फक्त पावाचा नव्हता. आधी दिलेल्या पैशाचं काय केलंत, हाही सवाल ते विचारत होते. त्याला वसुली कितीही चोख असली तरी उत्तर मिळत नाही.

उलट उदाहरण इंडोनेशियाचं. ऑक्टोबर 2005 मध्ये इंधनाचे दर सरासरी दुपटीहून जास्त वाढवले, पण त्याच महिन्यात गरीब घरांना टपाल कार्यालयांतून रोख रक्कम वाटायला सुरुवात केली, तिमाहीला 3 लाख रुपिया. यादीत चुका झाल्या, भांडणं झाली. तरी घेणं आणि देणं एकाच वेळी लोकांना दिसलं.

पाटीपेन्सिल

ताई, पोचलं की नाही हे मी घरबसल्या कसं तपासू? नोंदवही मला कोण दाखवणार?

खतावणी

पेफा अहवाल उघडा, म्हणजे एखादं सरकार आपला पैसा कसा सांभाळतं याचं ठरलेल्या निकषांवरचं मूल्यमापन. 2016 च्या आराखड्यात 31 निर्देशक आहेत, ए ते डी श्रेणी. बरेच जण प्रत्येक निर्देशकाची एकूण श्रेणी बघून पुढे जातात. तुम्ही आठव्या निर्देशकाचा तिसरा भाग काढा: शाळा, दवाखान्यांपर्यंत किती साधनं पोचली याची माहिती सरकार ठेवतं का. मग 21 वा, खात्यांना वर्षभरात पैसा कधी मिळेल हे आधी कळतं का. मग 22 वा, थकलेली बिलं. तीन देश घ्या आणि शेजारी त्याच वर्षांची करवसुली मांडा.

युगांडातल्या शाळांच्या अनुदानावरचं जुनं संशोधन तर वाचाच. 1991 ते 1995 मध्ये शाळांच्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळेत पोचत होते. मग रकमा वर्तमानपत्रांत छापल्या, शाळेच्या फलकावर लावायला लावल्या. 2001 पर्यंत हे प्रमाण 80 टक्क्यांवर गेलं. त्या काळात इतरही बदल झाले, म्हणून सगळं श्रेय छापण्याला देऊ नका. पण तेव्हा संशोधक मंत्रालयातल्या कागदांवर थांबले नाहीत, शाळेत जाऊन तिथल्या नोंदी पाहिल्या.

पहिला तक्ता झाला की इथे टाका, मी ओळ न् ओळ बघून देईन.