जॉर्जियात रशियन बोललं की माणसं दुखावतात का?

केळशीचा बागायतदार
माझी मुलगी तिबिलिसीत मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरमालकीण आजींची भाजीची पिशवी तिनं वर नेऊन दिली, आजींनी मूठभर अक्रोड हातावर ठेवले. ही सवयीनं 'स्पासिबा' (रशियनमध्ये 'धन्यवाद') म्हणाली आणि आजींचा चेहरा उतरला. "मदलोबा म्हण बाळा," एवढंच बोलल्या. तो जॉर्जियन शब्द. आजींना रशियन उत्तम येतं. दोन्हीकडे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, स्टालिन तर जॉर्जियातल्या गोरीचाच. मग हे दुखणं कुठलं? रशिया-जॉर्जियाची २००८ ची लढाई पेपरात वाचल्याचं आठवतं, पण मूळ त्याच्या मागं असावं. पोर अजून चार वर्षं तिथं राहणार, म्हणून विचारतो.

विजयदुर्गचा फिटर
दादा, मी ३१ वर्षं बोटीवर काढली. आमच्या गावच्या खाडीवरूनच सांगतो. तुळाजी आंग्रे आवरेना म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि १७५६ च्या फेब्रुवारीत आंग्र्यांचं आरमार इथंच जळालं. मदतीला आलेला पुढे मालक झाला, ते आपल्याला ठाऊक आहे.

तिथंही तेच झालं. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला तुर्क. पूर्व जॉर्जियाचा राजा एरेकले दुसरा यानं १७८३ मध्ये गिओर्गिएव्स्कला तह केला: परराष्ट्र कारभार रशियाकडे, बदल्यात संरक्षण आणि गादी त्याच्याच घराण्याकडे. १७९५ मध्ये इराणचा आगा मोहम्मद खान तिबिलिसीवर चालून आला, शहर लुटलं, जाळलं. रशियाची फौज वेळेवर आलीच नाही. आणि १८०१ मध्ये त्याच रशियानं गादी मोडून राज्य खालसा केलं. धर्म एक म्हणता, पण १८११ मध्ये त्यांच्या चर्चचा स्वतंत्र कारभारही काढून घेतला. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ त्या न आलेल्या फौजेत आहे.

१९१८ ला ते स्वतंत्र झाले. मे १९२० मध्ये मॉस्कोनं करार करून ते मान्य केलं आणि वर्षही पुरं व्हायच्या आत, फेब्रुवारी १९२१ मध्ये, लाल सेना तिबिलिसीत शिरली. ती घुसवण्यात स्टालिन पुढे होता. आपल्यातल्याच माणसानं केलं याचा सल वेगळाच असतो.

२००९ च्या हिवाळ्यात आमची बोट जॉर्जियातल्या पोती बंदराला लागली होती. धक्क्यावरचा क्रेनवाला जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ हॅचवर येऊन बसला. खिशातून संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. त्याचं घर जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझियात, ओचामचिरेला, दारात संत्र्यांची झाडं. १९९३ च्या सप्टेंबरात अबखाझियाची राजधानी सुखुमी फुटीरांच्या हाती पडली तेव्हा दोन लाखांवर जॉर्जियन बाहेर पडले, त्यात हा. "आता किलोवर विकत घेतो," म्हणाला, आणि साली चुरगळून वास घेत राहिला. आपलं आगर तारेपलीकडे राहिलं तर आपलं काय होईल, हे मला तेव्हा कळलं.

मालवणची शिक्षिका
फिटरकाका, सगळं पटलं, पण दुसरी बाजूही मुलीला माहीत हवी. १९९२ च्या ऑगस्टमध्ये सुखुमीत सैन्य घातलं ते जॉर्जियानं, आणि अबखाझ लोकांनीही तेव्हा खूप भोगलं. २००८ मध्ये दक्षिण ओसेशिया या दुसऱ्या फुटलेल्या भागातल्या त्स्खिनवालीवर ७ ऑगस्टच्या रात्री तोफा डागून लढाईला तोंड जॉर्जियानं फोडलं, असं युरोपीय संघाच्या चौकशीत निघालं. त्याआधी रशियानं बरीच वर्षं डिवचलं होतं, आणि नंतरची त्यांची मुसंडी प्रमाणाबाहेर होती, हेही त्याच अहवालात आहे. आज देशाचा पाचवा हिस्सा जॉर्जियाच्या हातात नाही.

आजींचं म्हणाल तर मला ते भाषेचं वाटतं. १९७८ मध्ये राज्यघटनेतून जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढायचं घाटत होतं. १४ एप्रिलला तिबिलिसीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि दर्जा टिकला. सोव्हिएत राजवटीत हे सोपं नव्हतं. पुढे ९ एप्रिल १९८९ ला त्याच शहरात सैनिकांनी फावडी आणि विषारी वायू वापरून निदर्शनं मोडली, २१ माणसं गेली. बहुतेक बायका होत्या.

विजयदुर्गचा फिटर
ताई, त्स्खिनवालीचं मी टाळलं होतं. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

केळशीचा बागायतदार
रात्री लेकीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिनं सकाळी आजींना १९७८ चं विचारलं. आजी तेव्हा कॉलेजात होत्या, मोर्चात मैत्रिणीचा हात धरून चालल्या होत्या. आता रोज संध्याकाळी त्या हिला लिपी शिकवताहेत. ३३ अक्षरं आहेत. काल आठ झाली.