मदत हवी आहे: आयडा लुपिनोचा कोणता सिनेमा दाखवू?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यातल्या आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही एक जुना सिनेमा दाखवतो. पंचवीस-तीस माणसं येतात. निवृत्त शिक्षक जास्त, थोडी कॉलेजची मुलंही असतात. या वेळी हॉलिवूडची नटी आणि दिग्दर्शक आयडा लुपिनो ठरली आहे. आधी पंधरा मिनिटं मी तिच्याविषयी बोलणार आणि मग तिचा एक सिनेमा. काय बोलायचं ते पक्कं आहे, सिनेमा मात्र ठरत नाहीये.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. आयडा 1918 साली लंडनमध्ये नाटकवाल्यांच्या घराण्यात जन्मली, पंधरा-सोळाव्या वर्षी हॉलिवूडला आली आणि 1948 मध्ये रीतसर अमेरिकन नागरिक झाली. 1941 च्या 'हाय सिएरा'च्या श्रेयनामावलीत तिचं नाव हम्फ्री बोगार्टच्याही वर होतं, इतकी ती तेव्हा मोठी नटी होती. पण वॉर्नर ब्रदर्सशी करार होता आणि न आवडलेली भूमिका नाकारली की स्टुडिओ तिला निलंबित करायचा. निलंबन म्हणजे पगार बंद आणि दुसरीकडे काम करायचीही मुभा नाही. त्या सक्तीच्या रिकाम्या दिवसांत ती सेटवर जाऊन बसायची. कॅमेरा कुठे लावतात, दिवे कसे फिरवतात, संकलक काय कापतो, सगळं बघायची.

हे मला मुद्दाम सांगायचंय. बहुतेक ठिकाणी तिची गोष्ट अशी सांगतात की 1949 मध्ये 'नॉट वॉन्टेड'च्या चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि निर्माती म्हणून तिथे असलेल्या आयडाला दिग्दर्शन करावं लागलं. घटना खरी आहे. तिने सिनेमा पुरा केला आणि श्रेय क्लिफ्टन यांच्याच नावावर राहू दिलं. पण यातून ती अपघाताने दिग्दर्शक झाली असा जो सूर निघतो, तो मला अजिबात पटत नाही. तिची तयारी कितीतरी वर्षं आधीपासून चालली होती. वॉर्नर सोडून पती कॉलिअर यंग यांच्याबरोबर स्वतःची निर्मिती संस्था काढणारी बाई योगायोगाची वाट बघत बसलेली नसते.

आता माझी अडचण. दोन सिनेमे डोळ्यांसमोर आहेत.

पहिला 'द हिच-हायकर', 1953 चा, 71 मिनिटांचा. मासेमारीला निघालेले दोन मित्र रस्त्यात एकाला गाडीत घेतात आणि तो खुनी निघतो. बिली कुक नावाच्या माणसाच्या खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेला आहे. या खुन्याचा एक डोळा मिटतच नाही. रात्री शेकोटीपाशी दोघे पांघरुणात पडून त्याच्याकडे बघत राहतात. तो झोपलाय की जागा आहे, पळावं की पडून राहावं, काही कळत नाही. तो उघडा डोळा मी मोबाइलवर बघितला तरी अंगावर काटा आला. मुलांना हा नक्की आवडेल.

दुसरा 'नेव्हर फिअर'. दिग्दर्शक म्हणून तिचं नाव पडद्यावर पहिल्यांदा आलं ते यात. नाचणाऱ्या एका जोडप्याला नुकतं यश मिळू लागलंय आणि त्यातल्या तरुणीला पोलिओ होतो. आयडाला स्वतःला 1934 मध्ये पोलिओ झाला होता, त्यातून ती सावरली. चित्रीकरण सांता मोनिकातल्या कॅबट-कायझर या पुनर्वसन संस्थेत केलं आणि तिथले खरे रुग्ण त्यात आहेत. एका प्रसंगात चाकाच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं नाचतात. दोन्ही हातांनी चाकं फिरवत जोडीदाराभोवती गिरकी घेतात, रांगा बदलतात, कुणाची कुणाला धडक नाही. तेवढाच भाग मी चार वेळा मागे नेऊन पाहिला.

माझी आत्या दर महिन्याला न चुकता येते. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून पायाला कॅलिपर. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, रोज दोन जिने चढून. हा नाच तिने बघावा असं मला फार वाटतं. पण सिनेमाच्या शेवटी नायिका काठी टेकत आपल्या पायांनी दवाखान्याबाहेर पडते. आत्याच्या बाबतीत तसं काही झालं नाही. भरल्या खोलीत तो शेवट बघताना तिला काय वाटेल, याचा विचार करून मी थांबलेय. तिला आधीच सांगावं का? की सांगितल्याने उगाच जास्त अवघडेल? घरात असं कुणी असलेल्यांनी कृपया लिहा.

शिवाय दोन कामाचे प्रश्न.

'हिच-हायकर'ला मी मराठी उपशीर्षकं करतेय. कथा मेक्सिकोत जाते आणि तिथले लोक स्पॅनिश बोलतात, मूळ सिनेमात त्याचं भाषांतर खाली येत नाही. दोघांपैकी एकाला स्पॅनिश येतं, खुन्याला येत नाही, आणि त्यामुळेच तो चिडतो. मी स्पॅनिश वाक्यांचं मराठी दिलं तर प्रेक्षकांना खुन्यापेक्षा जास्त कळणार आणि तो ताण जाणार. न दिलं तर आमचे जोशी सर म्हणणार, इथलं लिहायचं राहिलं वाटतं. उपशीर्षकं केलेल्या कुणी यावर मत द्याल का?

दुसरं, या सिनेमाचा स्वामित्वहक्क संपलाय, त्यामुळे प्रती भरपूर मिळतात, पण बऱ्याचशा फिक्या आहेत. छायालेखक निकोलस मुसुराका यांनी रात्रीचे प्रसंग काळोखात फार सुंदर बांधलेत. आमच्या प्रोजेक्टरवर ते नुसतं राखाडी दिसतं. भिंतीऐवजी पडदा लावला तर फरक पडेल का?

आणि हो, 'आउटरेज'ही सुचवाल म्हणून आधीच सांगते. बलात्कार झालेल्या मुलीची ही गोष्ट 1950 ची, तो शब्दही न उच्चारता केलेली. माझ्या मते आयडाचं सगळ्यात धाडसी काम ते. पण त्यावर नंतर नीट बोलायला वेळ हवा आणि आम्हाला आठला खोली रिकामी करावी लागते.

भर, रात्री: एकांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की तिने पुढे अभिनय सोडला का. नाही. 1953 च्याच 'द बिगॅमिस्ट'मध्ये तिने स्वतःलाच दिग्दर्शित केलं. नंतर मात्र मोठ्या पडद्यासाठी थेट 1966 मध्ये एकच सिनेमा केला, मधली वर्षं दूरचित्रवाणीवर गेली. 'ट्वायलाइट झोन' या मालिकेच्या मूळ 156 भागांत दिग्दर्शक म्हणून एकच स्त्री आहे, ती हीच. तिच्या खुर्चीच्या पाठीवर 'मदर ऑफ अस ऑल' असं लिहिलेलं असायचं. भाषणात हे मराठीत कसं सांगू? 'आम्हां सगळ्यांची आई' फार गोड वाटतं. सेटवरच्या माणसांच्या तोंडी शोभेल असं काही सुचवा.

पुढच्या गुरुवारी फलकावर नाव लिहायचंय, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.