मदत हवी आहे: ड्रोनच्या नकाशावरून प्लास्टिकच्या वजनाचा अंदाज

जिथे फक्त होडीने पोहोचता येतं अशा खडकाळ किनाऱ्यांची सफाई आम्ही स्वयंसेवक करतो. कचरा कुठे साचलाय हे आधी कळावं म्हणून सेंटिनेल-२ ची उपग्रहचित्रं पाहिली, पण त्यात एक पिक्सेल १० मीटरचा. बाटल्या दिसणं शक्यच नाही. मग ओहोटीच्या वेळी साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनने फोटो काढले, ओपनड्रोनमॅप या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून नकाशा केला आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर ढीग हाताने आखले. जागा अचूक सापडतात. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून क्यूफील्ड या मोबाइल ॲपमध्ये नकाशा ऑफलाइन नेतो; तेही छान चालतं.

अडतंय ते वजनाशी. वरून हातभर दिसणारं मासेमारीचं जाळं ओढायला घेतलं की वाळूखालून येतच राहतं. उलट थर्माकोल भरपूर जागा व्यापतो, वजन नगण्य. होडीत किती माल मावेल हे निघण्याआधीच ठरवावं लागतं, आणि उरलेला ढीग पुढच्या उधाणात परत समुद्रात जातो, हे फार जिव्हारी लागतं.

महागडे सेन्सर किंवा विकतचं सॉफ्टवेअर परवडणार नाही. नमुना चौकोन आखून, प्रकारानुसार वजन करून नकाशावरच्या क्षेत्रफळाशी गुणोत्तर कुणी बसवलंय का? आणि पुरलेल्या जाळ्यांसाठी त्यात किती वाढ धरता?